एल्कच्या घशातल्या गाठी

गोवंडी

आमच्या घराला जळक्या केसांचा वास यायचा. बाबा देवनारच्या कत्तलखान्यात हमाली करायचे. एकदा ओल्या फरशीवर खांद्यावरच्या ओझ्यासकट पडले आणि त्यांची पाठ कायमची गेली. तेव्हापासून आई मुंडी-पाये भाजायला लागली. मटणवाले बकऱ्यांची डोकी आणि खूर गोणीत भरून दारात आणून टाकायचे. आई त्यांच्यावर गॅसची टॉर्च फिरवायची, केस जाळायची, सुरीने खरवडून, धुऊन परत द्यायची. घर म्हणजे एकच खोली, त्यामुळे कपडे, वह्या, माझे केस, सगळ्याला तो वास. शाळेत बाकावरच्या मुली ओढणी नाकाला लावायच्या. एकदा बाईंनी वर्गात विचारलं, "कुणाच्या घरी काय जळतंय गं?" मी मान वर केली नाही.

संध्याकाळी वस्तीतल्या बुद्धविहारात अभ्यासिका चालायची. तिथे पंखा होता आणि वास नव्हता. तिथे बसून मी बारावी झाले, मग घाटकोपरच्या कॉलेजातून मायक्रोबायॉलॉजी घेऊन बी.एससी. झाले. आमच्या दोन्हीकडच्या घराण्यांत कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. हे मी मिरवते. मिरवणारच.

नोकरी लागली मरोळला, जनावरांचे नमुने तपासणाऱ्या एका लॅबमध्ये. एक दिवस आमच्या मॅडमनी सगळ्यांना बोलावून सांगितलं, की हरणांचा एक रोग अमेरिकेत पसरतोय. आपल्याकडे हरणांत तो सापडलेला नाही. "पण नाही म्हणायलासुद्धा तपासावं लागतं," मॅडम म्हणाल्या. तिकडे जाऊन ही तपासणी कुणीतरी शिकून यायची होती. अमेरिका म्हटल्यावर सगळ्यांचे डोळे चमकले. मग मॅडम म्हणाल्या, "रोज मेलेल्या हरणांची डोकी उघडावी लागतील." सगळे टेबलाकडे बघायला लागले. मी हात वर केला. डोक्यांचं मला कुणी काय सांगावं!

वायोमिंग

विमानांचं काही सांगत नाही. सगळी विमानं सारखीच, पायांची वाट लागते. सांगायचं ते उतरल्यानंतरचं.

वायोमिंग या अमेरिकेतल्या राज्यात मला पहिल्यांदा आकाशाची भीती वाटली. आपल्याकडे आकाश म्हणजे दोन बिल्डिंगांच्या मधला तुकडा. इथे ते जमिनीपर्यंत खाली आलेलं होतं, चारही बाजूंनी. पिवळं गवत, मधूनच एखादं कुंपण आणि लांब, खूप लांब बर्फाचे डोंगर. माणूस दिसायचा नाही. आणि समोरून एखादी गाडी आलीच, तर चालवणारा हात वर करून जायचा. मी पहिल्यांदा विचारलं, "हा तुमच्या ओळखीचा?" तर म्हणे नाही, इथे सगळेच करतात. गोवंडीत असं करायला घेतलं तर दिवसभर हात खाली येणार नाही.

हे मी विचारलं पेगला. पेग माझी घरमालकीण. साठी उलटलेली, शाळेची बस चालवून निवृत्त झालेली, एकटी राहणारी बाई. हात माझ्या बाबांसारखे, जाड आणि भेगा पडलेले. पहिल्या दिवशी तिने मला ताटात तिखट राजम्याचा रस्सा दिला आणि त्याच ताटात दालचिनीचा गोड, चिकट रोल. मी रोल बाजूला सारला.

"बुडवून खा, हनी," पेग म्हणाली. ती सगळ्यांनाच हनी म्हणते, कुत्र्यालासुद्धा.

"गोड आणि तिखट एकत्र?"

"तुमच्याकडे नाही खात?"

मी खोटं बोलणार होते, तेवढ्यात आठवलं. कटाच्या आमटीबरोबर पुरणपोळी खातोच की आपण! बुडवून खाल्लं. झकास लागलं.

जेवल्यावर पेगने मला मागच्या खोलीतला फ्रीजर उघडून दाखवला. आपल्याकडे आइस्क्रीमवाल्याकडे असतो तसला, आडवा. आत पांढरा बर्फ आणि तळाशी दोन-चार पुडकी.

"गेल्या वर्षी मला एल्कचा परवाना लागला नाही," ती म्हणाली. परवाने तिथे सोडतीने मिळतात. "या वर्षी लागलाय. एक एल्क मिळालं की माझा हिवाळा निघतो. दुकानातलं मटण मला परवडत नाही. आणि खरं सांगायचं तर आवडतही नाही."

एल्क म्हणजे काय ते दुसऱ्या दिवशी पहाटे कळलं. पेगने मला अंगणात उभं केलं आणि ओठांवर बोट ठेवलं. टेकडीवरून एक आवाज आला. आधी खोल, मग चढत चढत शिट्टीसारखा बारीक. मग धुक्यातून एकेक करून ती खाली उतरली. आपल्या सांबराच्या कुळातली, पण सांबर त्यांच्यापुढे लहान भाऊ वाटेल. नराच्या डोक्यावर शिंगांचं झाडच. श्वासाच्या वाफा. आमच्याकडे बघितलं, जरा थांबली आणि कुंपणावरून अशी उडी मारून गेली, जसं मधे काही नव्हतंच. पेग रोज बघते, तरी ओठांवरचं बोट तिने काढलं नव्हतं.

लॅब

माझा गुरू ग्लेन. उंच, वाकलेला, मोजकं बोलणारा. त्याने मला रोग समजावून सांगितला तो एवढाच: हा जिवाणू नाही, विषाणू नाही, बुरशी नाही. अंगातलंच एक प्रथिन, पण घडी चुकलेलं. ते शेजारच्या चांगल्या प्रथिनाला लागलं की त्याचीही घडी चुकवतं. लाँड्रीत एक चादर तिरकी पडली की वरची सगळी चवड तिरकी होत जाते ना, तसं. यालाच प्रिऑन म्हणतात. होता होता हरणाच्या मेंदूला भोकं पडतात. ते वाळत जातं, लाळ गाळतं, मान टाकतं आणि मरतं. पण त्याआधी वर्ष वर्ष ते धडधाकट दिसतं, पळतं, पिल्लं घालतं. बघून ओळखताच येत नाही. म्हणून तपासायचं.

तपासायचं कुठे, तर घशाच्या मागे खारकेएवढ्या दोन गाठी असतात, एक डावी, एक उजवी. रोग तिथे लवकर साठतो. आणि मेंदूचं देठ जिथे पाठीच्या कण्याला मिळतं, तिथला एक छोटा तुकडा. ग्लेनने पहिलं डोकं माझ्यासमोर उलटं ठेवलं. एल्कची मादी. डोळे अर्धे उघडे, पापण्यांचे केस लांब, सरळ. मी क्षणभर हात लावला नाही.

"घाबरलीस?"

"नाही. सुंदर आहे म्हणून थांबले."

ग्लेन पहिल्यांदा हसला. "थांबत जा. मी पण थांबतो."

गाठ काढून तिचा तुकडा कुटून, गाळून, औषधं घालून छोट्या खळग्यांच्या ताटलीत टाकतात. शेवटच्या पायरीनंतर चांगले नमुने पाण्यासारखे राहतात. रोगी असेल तो खळगा पिवळा होतो. त्या दिवशी पूर्ण ताटली कोरी होती आणि मधेच एक खळगा हळदीसारखा पिवळा झाला. मी बघतच राहिले. डोंगरात कुठेतरी उड्या मारणारं एक जनावर, त्याच्या आत कुणालाच न दिसलेली एक गोष्ट, आणि ती इथे थेंबभर पाण्यात येऊन "मी आहे" म्हणाली.

हमरस्त्यावरचा नाका

शिकारीच्या मोसमात हमरस्त्यावर या तपासणीचा एक नाका लावतात. पत्र्याची शेड, टेबल, दिवे. नारिंगी जाकिटं घातलेले शिकारी पिकअप घेऊन रांगेत उभे राहतात, मारलेल्या जनावराचं डोकं देतात, पावती घेतात. त्या नाक्यावर कुणाला सक्ती नव्हती. माणसाला हरणांचा हा रोग झाल्याचं आजवर आढळलेलं नाही, तरी रोगी जनावर खाऊ नका असं सांगतात, आणि ही माणसं आपल्याच घासाची चौकशी करायला बर्फात उभी राहतात! आपल्याकडे बोकड चांगला होता का, असं विचारलं तर खाटीक म्हणतो, "ताई, रस्सा करा, मग सांगा."

नियम एकच होता आणि ग्लेनने तो माझ्याकडून पाठ करून घेतला होता. एका डोक्याला वापरलेला चिमटा आणि सुरी ब्लीचच्या बादलीत गेली पाहिजे. पुढच्या डोक्याला नवी जोडी.

त्या सकाळी थंडी अशी होती की बादलीतलं ब्लीचचं पाणीच गोठलं. ग्लेन कोमट पाणी आणि ब्लीच आणायला लॅबकडे गेला. मला म्हणाला, "जोड्या संपल्या तर थांब." जोड्या संपल्या. रांग वाढत होती. टेबलाखाली गोठलेली कुलपं वितळवायची गॅसची टॉर्च होती. माझ्या हाताला ती कशी लागली ते मला कळलंच नाही. हात आपोआप चालला. चिमटा लाल होईपर्यंत भाजला, सुरी भाजली, पुढचं डोकं घेतलं. कॉलेजात प्रॅक्टिकलला आम्ही सुई ज्योतीतच धरायचो. आणि घरी तर सगळं स्वच्छ व्हायचं ते विस्तवानेच. मला वाटलं, मी डोकं लढवलं.

तेवढ्यात पेगची पिकअप आली. तिला त्या पहाटेच एल्क मिळालं होतं. तिचा चेहरा लहान मुलीसारखा झाला होता.

"मादी आहे. कळपाच्या पुढे चालत होती. पुठ्ठ्यावर इतकी चरबी!" तिने हाताने दाखवलं. "माझं तूच कर, हनी."

मी भाजलेल्या चिमट्याने तिच्या एल्कची डावी गाठ काढली. टॉर्च पुन्हा पेटवली.

"थांब." मागे ग्लेन, हातात वाफाळती बादली. "खाली ठेव ते."

"काय झालं?"

"काय करतेयस?"

"निर्जंतुक."

"जंतू कुठेयत इथे?" ग्लेन ओरडला नाही. ओरडला असता तर बरं वाटलं असतं. "जे जिवंत नाही ते तू मारणार कसं? साध्या आगीला, उकळत्या पाण्याला हे भीक घालत नाही, सुजाता, मोडतं ते ब्लीचने. आधीच्या डोक्यातलं पुढच्यात गेलं असेल. कुठलंच उत्तर खरं धरता येणार नाही."

भाजलेल्या चिमट्याचे सगळे नमुने त्याने माझ्यासमोर पिशवीत टाकले आणि ती डोकी पुन्हा करायला वेगळी ठेवली. रांगेतले शिकारी गाडीतून उतरून बघत होते.

पेगने विचारलं, "म्हणजे माझी मादी चांगली असती तरी हिने तिला रोगी ठरवलं असतं?"

"शक्य आहे," ग्लेन म्हणाला.

"आणि उजवी गाठ?"

"अजून आत आहे. हात लागलेला नाही."

पेग माझ्याकडे वळली. "मग नीट कर. माझा हिवाळा आहे त्यात."

ग्लेनने नवी जोडी माझ्याच हातात दिली. स्वतः घेतली नाही. उजवी गाठ मी काढली, मेंदूच्या देठाचा तुकडा काढला, आणि सगळा वेळ पेग शेजारी उभी राहून माझ्या बोटांकडे बघत होती.

पेगचं स्वयंपाकघर

पेगने दोन दिवस बसून मटण कापलं, पांढऱ्या कागदात बांधलं, फ्रीजर भरला. एकाही पुडक्याला निकाल येईपर्यंत हात लावायचा नाही, हा तिचा स्वतःचा नियम. तोवर राजमा. मी सुक्या बोंबलाची चटणी केली तर ती धावत आली.

"भिंतीत काही मेलंय का?"

"जेवण आहे."

तिने चाखलं, खोकली, डोळे पुसले आणि अजून मागितली.

निकाल आला. ताटलीतला पेगचा खळगा पिवळा. ग्लेनने पुन्हा लावला. पुन्हा पिवळा.

घरी जाऊन मीच सांगितलं. पेग भांडी घासत होती. ती वळली नाही.

"परवा तू चिमटा भाजत होतीस. आज म्हणतेस माझं मटण फेक. मी कशावरून मानू?"

खरंच, कशावरून? वासाला चांगलं, रंगाला चांगलं, चरबीचं मटण. मी म्हटलं, "त्याच गाठीचा एक तुकडा काचेवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली बघायचा राहिलाय. त्यात रोग गाठीच्या आत दिसतो, वरून चिकटलेला असेल तर तसा दिसत नाही. तुम्ही स्वतः या. माझ्यावर नका विश्वास ठेवू."

काच तयार व्हायला दिवस लागतात. ते दिवस एका छपराखाली काढणं अवघड गेलं. ती बोलायची, पण हनी म्हणायची नाही.

आईला फोन केला. इकडे सकाळ, तिकडे संध्याकाळ.

"अख्खं जनावर फेकणार?" आई म्हणाली. "येडी का खुळी? चांगलं तीन शिट्ट्या जास्त घ्या म्हणावं."

"आई, ते शिजवून जात नाही."

"विस्तवानेपण?"

"विस्तवानेपण."

आई मग म्हणाली, "असं कसं गं? मग ते जिवंत आहे का?"

"नाही."

"मग मरत का नाही?"

"जिवंत नाही म्हणूनच मरत नाही."

"बाई बाई! भूत म्हण ना मग सरळ. एवढी इंग्रजी नावं कशाला?" तिच्या आवाजात भीती नव्हती, काहीतरी मोठं बघितल्यासारखं होतं. मग लगेच, "तू हात नीट धुतेस ना?"

काच

पेग लॅबमध्ये आली तेव्हा तिने केस विंचरले होते. ग्लेनने आधी निरोगी हरणाची काच लावली. निळी, गोल गोल गठ्ठ्यांची, शांत. मग पेगच्या मादीची. मी आधी डोळा लावला. तीच निळी वर्तुळं, पण प्रत्येकाच्या पोटात कुंकू सांडल्यासारखा लाल रंग. वरवर नाही, कडेला नाही. खोल आत, जिथे कुठलाच चिमटा पोचला नसता. खिडकीतून गावभर दिवे लागलेले दिसावेत, इतकं ते सुंदर होतं, आणि ते मरण होतं.

"मेंदूच्या तुकड्यातही सुरुवात झालीय," ग्लेन हळू म्हणाला.

पेग बराच वेळ वाकून बघत राहिली. चष्मा काढला, पुन्हा बघितलं.

"हे सगळं तिच्या आत होतं?"

"हो."

"आणि ती कळपाच्या पुढे चालत होती." पेग खुर्चीत बसली. "मी तीस वर्षं शिकार करते. मला वाटायचं मला जनावर बघून कळतं."

तिने माझ्या हातावर आपला हात ठेवला.

कचराभूमी

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघींनी फ्रीजर रिकामा केला. पुडक्यांवर पेगच्या अक्षरात लिहिलं होतं: रस्सा, खिमा, पाहुण्यांसाठी. प्लास्टिकच्या दुहेरी पिशव्यांत भरून पिकअपमध्ये टाकली. तिने कुणाला गुपचूप देऊन टाकली असती तर कळलं नसतं. स्वतः खाल्ली असती तर कोण विचारणार होतं? कुत्र्यालाही तिने एक तुकडा दिला नाही.

मी कचराभूमीच्या शेजारी वाढलेली. देवनारला टाकलेलं काही टाकलेलं राहत नाही. घारी, कुत्री, माणसं, कुणाच्या तरी हाताला ते लागतंच. इथे खड्ड्याला जाड अस्तर होतं. बुलडोझरवाल्याने आमच्या पिशव्या टाकल्याबरोबर त्यावर माती ओढली. पेगने टोपी काढली आणि मातीकडे बघत म्हणाली, "थँक यू." कुणाला, ते मी विचारलं नाही. आमच्या घरी मटण फेकलेलं मी कधी बघितलं नव्हतं. रक्तसुद्धा आई परतून वाढायची.

परतताना गाडीत ती म्हणाली, "बोंबील उरलेत का, हनी?"

रविवारचं जेवण

पुढच्या रविवारी दारात एक पुडकं होतं. मग दुसरं. ज्याचं जनावर रोगी निघतं त्याला बाकीच्यांनी आपल्यातला वाटा द्यायचा, अशी तिथली रीत आहे. बोलून दाखवत नाहीत, दारात ठेवून जातात. गावाला देवाच्या बोकडाचा वाटा घरोघर जातो, ते आठवलं. फ्रीजर अर्धा भरला. पेगने त्या रात्रीसाठी रस्सा केला, मी त्यात आपला मसाला घातला. ग्लेनलाही बोलावलं.

पेगने पहिलं ताट माझ्यापुढे ठेवलं. मी घास उचलला आणि थांबले.

"हे तपासलंय ना?"

ग्लेन खाली मान घालून हसत होता. पेग कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"तूच तपासलंयस, हनी. खा आता."

मी खाल्लं. ग्लेनने आठवड्याभराने माझ्या प्रशिक्षणाच्या दाखल्यावर सही केली, पण माझी परीक्षा त्या ताटावर झाली असं मी धरते.

परत आल्यावर मरोळच्या लॅबमध्ये आम्ही वेगळी खोली केली: वेगळं टेबल, एका डोक्याला एक जोडी आणि ज्योत नाही. बोरिवलीच्या जंगलात म्हातारपणाने मेलेल्या एका सांबराचं डोकं सगळ्यात आधी आलं. दोन्ही गाठी मी काढल्या, नवीन मुलींना दाखवत. ताटलीतला त्याचा खळगा पाण्यासारखा राहिला. प्रिऑन आढळला नाही. हरणांची ही तपासणी आता आमच्या लॅबमध्ये होते, ती मी करते, आणि अहवालाखाली तपासणारी म्हणून माझं नाव असतं.